मोतीरामजींची फोन कंपनीला नोटीस

मोतीरामजी तायडे सकाळी साडेदहाला ऑफिसात येत. चपला दाराशी, डबा खिडकीत, पिशवी खुर्चीच्या पाठीला. मग खुर्चीत बसून ते फोन हातभर लांब धरीत, सेटिंगमध्ये शिरून खाली खाली जात आणि ‘अपडेट तपासा’ हे बटण दाबीत. पडद्यावर एक गोल फिरायचा. तो फिरत असेपर्यंत ते स्वतः बोलत नसत आणि दुसरं कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. गोल थांबला की अक्षरं उमटत: ‘तुमचा फोन अद्ययावत आहे.’ ते मान हलवीत, फोन खिशात ठेवीत आणि म्हणत, "आज बी काई नाई. चला."

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या वकिली ऑफिसात मी एम.ए. झाल्यावर मराठी मसुदे टाइप करायला लागले. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस कोणाच्या तरी निरोपाची वाट पाहतोय. साहित्य शिकलेल्या माणसाला असं वाटतंच. दुसऱ्या आठवड्यात धीर करून विचारलं, तर म्हणाले, "निरोप कशाचा, एम.ए.बाई? दुरुस्ती आली का ते पाहून राहिलो."

मोतीरामजी मुन्शी. म्हणजे वकिलाच्या फायली सांभाळणारा, तारखा लक्षात ठेवणारा, अर्ज नेऊन देणारा आणि दिल्याची पोच आणणारा माणूस. चांदूर बाजारजवळच्या एका गावातून पंचविसाव्या वर्षी ते इथे आले, तेव्हा ऑफिस दादासाहेब असनाऱ्यांचं होतं. दादासाहेबांनी त्यांना पहिलं काम दिलं ते पुस्तकं दुरुस्त करायचं. कायद्यात बदल झाला की छापणारे कागदाच्या पट्ट्या पाठवीत. बदललेलं कलम त्या पट्टीवर छापलेलं असे. ती कापायची, पुस्तकात नेमक्या जागी बसवायची आणि खळीनं चिकटवायची. खळ मोतीरामजी स्वतः शिजवीत आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकीत. पट्टी वाकडी लागली तर दादासाहेब काही बोलत नसत, फक्त पुस्तक वाकडं धरून वाचत.

असं त्यांनी तीसेक वर्षं केलं. ऑफिसातली जुनी पुस्तकं उघडली की पानं जाड लागतात. कुठे पट्टीवर पट्टी, तिच्यावर तिसरी. पुस्तक एकदाच विकत घ्यायचं आणि पट्ट्या येत राहायच्या, ही मोतीरामजींची जगाबद्दलची समजूत या पुस्तकांनी घडवलेली होती. तिच्यात त्यांचा काही दोष नाही.

हा फोन त्यांनी २०१९ मध्ये, निम्म्या राजापेठेला विचारून घेतला. घेतल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्यावर पहिलं अपडेट आलं. मोतीरामजींना फार बरं वाटलं. पाठवणारे वेळेवर पाठवतात, म्हणजे कंपनी भल्या माणसांची आहे. त्यांनी डायरीत तारीख टाकून लिहिलं, ‘दुरुस्ती क्र. १’. पुढच्या दोन वर्षांत अशा सात दुरुस्त्या आल्या. आठवी आली नाही.

याचा अर्थ त्यांनी त्यांच्या पद्धतीनं लावला. मैथिलीताई, म्हणजे दादासाहेबांची मुलगी आणि आता ऑफिसच्या वकील, यांचा फोन दर महिन्याला अपडेट मागायचा. तो गोल फिरायला लागला की मोतीरामजी समाधानानं पाहत.

"ताई, तुमच्या फोनात गलत्या लय दिसतात."

"का हो काका?"

"हरेक महिन्याले दुरुस्ती. ज्या कायद्यात रोज दुरुस्ती लागते, तो लिहिणाऱ्यानं घाईत लिहिला असं समजाव. माह्या फोनाचा मसुदा पक्का हाय. चार वर्षं झाले, एक अक्षर बदलाव लागलं नाई."

"काका, मसुदा पक्का नाही. मसुदा लिहिणारा उठून गेला."

"कुठी गेला?"

"नव्या फोनाकडे."

मोतीरामजी हसले. ताई लहानपणापासूनच थट्टेखोर, हे त्यांना ठाऊक होतं. ताईंना सायकल त्यांनीच शिकवली होती.

ही थट्टा थट्टाच राहिली असती, पण मध्ये बुधाजी आला.

बुधाजी धारणीच्या पुढच्या एका पाड्यावरचा. चार वर्षांपूर्वी तो अमरावतीत बांधकामावर कामाला होता, तेव्हाच्या एका मारामारीत त्याचंही नाव गोवलं गेलं. खटला अजून चालू आहे आणि प्रत्येक तारखेला त्याला यावं लागतं. आधी जीप, मग एसटी, घाटातून सहा-सात तास. मोतीरामजींनी त्याला चौदा तारीख सांगितली होती. कोर्टानं ती बदलून बारा केली. ताईंनी त्याच संध्याकाळी बदल ‘तारीखवही’त टाकला. तारीखवही हे आमच्या ऑफिसचं अॅप. सगळ्या खटल्यांच्या तारखा त्यात असतात आणि एकानं काही लिहिलं की सगळ्यांच्या फोनवर दिसतं. ताईंच्या फोनवर दिसलं, माझ्या फोनवर दिसलं. मोतीरामजींच्या जुन्या फोनवर अॅपनं नवीन काही घेणं नुकतंच सोडून दिलं होतं, आणि तसं सांगितलंही नव्हतं. तिथे चौदाच होती.

बाराला बुधाजीचा पुकारा झाला तेव्हा तो धारणीपलीकडे आपल्या शेतात होता. ताईंनी पळत जाऊन हजेरीमाफीचा अर्ज दिला म्हणून वॉरंट टळलं. दोन दिवस त्याच्या पाड्यावर फोन लागला नाही. चौदाला दुपारी बुधाजी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला, नवा शर्ट घालून. मोतीरामजींनी त्याला तारीख होऊन गेल्याचं सांगितलं. तो रागावला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मग परतीची गाडी किती वाजता आहे?"

मोतीरामजींनी त्याला जेवू घातलं, गाडीत बसवून दिलं आणि येऊन खुर्चीत बसले. चाळीस वर्षांत त्यांची एकही तारीख चुकली नव्हती. हे ते कधी बोलून दाखवत नसत, कारण बोलायची गरजच पडत नसे. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

त्यानंतर आठवड्यानं अॅपची सूचना आली: एक तारखेपासून जुन्या फोनांवर तारीखवही उघडणारच नाही. ताईंनी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"काका, ऑफिस तुम्हाला नवीन फोन घेऊन देते."

"फोन खराब झाला नाई, ताई. खराब झाला असता तं मी सोताच घेतला असता. बॅटरी दिवसभर टिकते. काचेले एक चरा नाई."

"पण अॅप चालणार नाही त्याच्यावर."

"दुरुस्ती पाठवली तं चालन."

"ते पाठवत नाहीत आता. मी केव्हाची सांगून राहिली तुम्हाला." ताईंनी समोरची फाईल मिटली. "तारखा फोनवर दिसल्या नाहीत तर तुम्ही काम कसं करणार? बुधाजीसारखं पुन्हा झालं तर? नवीन फोन घ्या, काका. नाहीतर..."

"नाईतं काय?"

"नाहीतर आता थोडा आराम करा. चौसष्ट वर्षांचे झाले तुम्ही."

ताईंच्या आवाजात वाकडं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं असावं. मोतीरामजी बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"एम.ए.बाई, एक नोटीस घ्या लिहून."

"कोणाला?"

"फोन कंपनीले."

मी हसले नाही, कारण ते हसत नव्हते. त्यांनी उभ्यानंच मजकूर सांगितला. बोलताना ते वऱ्हाडी आणि लिहिताना कोर्टाचे. ‘सदर फोन आजमितीस सुस्थितीत, चालता व बोलता असून त्याचा मालक हयात आहे. असे असता आपण सन २०२१ पासून दुरुस्ती पाठवणे कोणतेही कारण न देता बंद केले आहे. सबब ही नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांचे आत...’

"‘बोलता’ काढू का?" मी विचारलं. "फोनला चालता-बोलता म्हटलं तर..."

"काहून? बोलत नाई का तो?"

‘बोलता’ राहिलं. ताईंनी नोटीस वाचली, एक स्वल्पविराम घातला आणि म्हणाल्या, "सही तुमचीच करा काका. मी यात वकीलपत्र घेत नाही."

कंपनीचं अमरावतीतलं सेवा केंद्र मागेच बंद झालं होतं. जवळचं अकोल्याला. पोस्टानं पाठवा म्हटलं तर मोतीरामजी तयार नव्हते. हाताशी देऊन पोच घेतलेला कागद आणि पोस्टात टाकलेला कागद यांत त्यांच्या लेखी फार अंतर होतं. मला त्या शनिवारी अकोल्याला आत्याकडे जायचंच होतं. "चला मंग," ते म्हणाले, "मजकूर तुमच्या हातचा हाय. काई विचारलं तं सांगता येईन."

त्यांनी एसटीत बसेपर्यंत एक गोष्ट सांगितली नव्हती. ती मूर्तिजापूर आल्यावर सांगितली, तीही सहज. त्या सेवा केंद्राच्या काउंटरवर त्यांची मुलगी पिंकी बसते.

"म्हणजे पिंकीताईला देणार नोटीस?"

"कंपनीले देऊन राहिलो. तिथं कोण बसलं हाय याच्याशी आपल्याले काय करायचं हाय?"

पिशवीत नोटीस होती आणि तिच्याशेजारी त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, लेकीसाठी दिलेल्या बाजरीच्या खारोड्यांचा डबा.

सेवा केंद्रात गर्दी होती. वडील आत येतानाच पिंकीताईंनी त्यांना पाहिलं आणि त्या अर्ध्या उठल्या. मोतीरामजींनी ओळख दाखवली नाही. यंत्रातून टोकन घेतलं, एक्केचाळीस नंबरचं, आणि बाकावर बसले. सव्वा तास. पिंकीताई मधून मधून माझ्याकडे पाहत होत्या आणि मी खांदे उडवत होते. शेवटी नंबर लागला.

"बोला सर," पिंकीताई म्हणाल्या. छातीवर ‘प्रियंका’ अशी पट्टी होती. मग आवाज खाली करून, "बाबा, घरी काहून नाही आले? आईनं फोन केला असता तर..."

"कामानं आलो. घरच्या गोष्टी घरी." त्यांनी नोटीस काउंटरवर ठेवली, दोन प्रती. "एक तुमाले, एकीवर पोच द्या मले. शिक्क्यासहित."

पिंकीताईंनी नोटीस वाचली. वाचताना त्यांनी खालचा ओठ आत धरून ठेवला होता. "‘मालक हयात आहे’," त्या हळूच म्हणाल्या.

"त्यात काई चूक हाय?"

"नाही सर."

"मंग मले सांगा मॅडम, हा फोन कोणी बनोला?"

"आमच्या कंपनीनं."

"आतलं मशीन?"

"आतली चिप दुसऱ्या कंपनीची असते."

"अन् हे अक्षरं, चित्रं, बटनं?"

"ते मूळ सॉफ्टवेअर तिसऱ्या कंपनीचं. ते सगळ्यांना सारखंच मिळते. आमची कंपनी त्याच्यात आपले बदल करते."

"म्हणजे केंद्राचा कायदा, अन् वरून राज्याची दुरुस्ती."

"असंच समजा."

"मंग केंद्रानं नवा कायदा केला तं राज्यानं लागू कराले काय हरकत हाय?"

पिंकीताईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. रांगेला घाई दिसत नव्हती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणि इथून पुढे त्या ‘सर’ विसरल्या.

"हरकत मधातल्या चिपवाल्याची आहे, बाबा. नवं सॉफ्टवेअर आलं की त्या चिपशी त्याचं जुळवून द्याव लागते. कॅमेरा कसा उघडायचा, आवाज कुठून काढायचा, नेटवर्क कसं धरायचं. हे जुळवून देणारं लिखाण चिपवाले देतात. दोन-तीन वर्षं देतात, मग म्हणतात, ही चिप जुनी झाली, आता आमचे लोक नव्या चिपवर बसले. त्यांनी देल्लं नाही तर आमच्या लोकांले काही करता येत नाही. चिपच्या आतले कागद त्यांच्याजवळच असतात."

"नक्कल मागा."

"देत नाहीत."

"बरं. अन् चिपवाल्यानं देल्लं तं?"

"तरी सोपं नाही. तुमचा फोन निघाला त्या एका वर्षात आमच्या कंपनीनं एकवीस मॉडेल काढले. एकाचा पडदा वेगळा, एकाचा कॅमेरा वेगळा. दुरुस्ती एकच लिहिली तरी एकवीस ठिकाणी चालवून पाहावी लागते. एकात काही राहून गेलं अन् सकाळी फोन उघडलेच नाहीत, तर लोक कोणाकडे येतात?"

"तुह्याकडं."

"शिव्या कोणाले देतात?"

रांगेतला एक माणूस म्हणाला, "मॅडमलेच. मी मागच्या महिन्यात देऊन गेलो." लोक हसले. तो म्हणाला, "नाई, नंतर सॉरी म्हणलं मी."

"आणि हे सगळं करणाऱ्यांचा पगार दर महिन्याले," पिंकीताई म्हणाल्या. "तुम्ही फोन घेतला तो एकदाच. स्वस्तातला फोन, त्यात कंपनीले सुटते किती? मग कंपनी काय करते? तेच लोक नव्या मॉडेलवर लावते."

"म्हणजे वकीलपत्र घेतलं, फी घेतली, अन् अपिलाले कोणी उभं राहत नाई."

"दोन वर्षं उभं राहू असं लिहून देल्लं होतं, बाबा."

"कुठी?"

पिंकीताईंनी संगणकात शोधून मॉडेलचं जुनं माहितीपत्रक काढलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. डब्यात फोनसोबत आलेलं तेच. शेवटच्या पानावर, तळाला, अगदी बारीक अक्षरांत एक ओळ होती. मोतीरामजींनी चष्मा पुसला आणि वाकून वाचली. पुन्हा वाचली.

या माणसानं चाळीस वर्षांत एक तळटीप सोडली नव्हती. फोन घेतला त्या दिवशी मात्र तो डबा केशरबाईंना आवडला म्हणून त्यांनी तो सुया-दोरे ठेवायला दिला होता, आतल्या कागदासकट.

ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "मंग रोज तो फोन मले काहून सांगते, अद्ययावत हाय म्हणून? खोटं बोलते?"

"खोटं नाही. कंपनीनं त्याच्यासाठी जे शेवटचं काढलं, ते त्याच्यात आहे. तो तेवढंच सांगते. त्याच्यानंतर जगात काय निघालं, ते तुम्ही त्याले विचारलं नाही."

"वकिलाचं उत्तर हाय हे."

"मी तुमचीच पोरगी आहे."

"बाकी देशांत बी असंच?"

"युरोपात आता नियम आला. विक्री बंद झाल्यावरही पाच वर्षं दुरुस्त्या द्या म्हणतात. काही कंपन्या महागड्या फोनांना सात वर्षं देऊ म्हणून राहिल्या. आपल्याकडे तसा कायदा नाही अजून."

"मंग कायद्यातच दुरुस्ती पायजे," मोतीरामजी म्हणाले, आणि प्रकरण योग्य ठिकाणी पोचल्यासारखा त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. "पण एक सांग. आतापर्यंत सात आल्या होत्या. तशी एक छोटीशी पट्टी लावून देल्ली, तारीखवहीपुरती, तं?"

पिंकीताईंनी मान हलवली. "त्या सात पट्ट्या होत्या, बाबा. तारीखवहीले जे लागते ते पट्टी नाही, नवं पुस्तक आहे. पूर्ण वेगळं. तुमच्या फोनात ते ठेवायले जागासुद्धा नाही."

इथे त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणजे त्यांना पटलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

पिंकीताईंनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली. "नोटीस वरती पाठवते मी. उत्तर येईल का, ते सांगत नाही."

"तुह्यं काम पाठवायचं हाय. तू पाठव." त्यांनी पोच नीट घडी करून खिशात ठेवली. मग पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला.

"ह्याची पोच नको का?" पिंकीताईंनी विचारलं.

"तुह्या माईले फोन करून देजो," मोतीरामजी म्हणाले. मग पुन्हा वळून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "शिव्या खरंच देतात का लोक?"

"कधी कधी."

त्यांनी रांगेकडे एकदा सावकाश पाहिलं आणि बाहेर आले.

आत्याकडे माझं काम तासाभरात आटोपलं आणि परतीच्या एसटीत आम्ही पुन्हा एकत्र होतो. बोरगाव मागे पडेपर्यंत ते खिडकीतून कपाशी पाहत होते. मग आपणच बोलायला लागले, दोन हजार चोवीसच्या जुलैविषयी.

त्या महिन्यात फौजदारीचे तिन्ही कायदे बदलले, हे मला ऑफिसात असल्यामुळे माहीत होतं. मोतीरामजींनी तेव्हा काय केलं होतं, ते माहीत नव्हतं. त्यांनी दंडसंहितेचं जुनं पुस्तक घरी नेलं होतं. जुन्यात पाचशे अकरा कलमं, नव्यात तीनशे अठ्ठावन्न. प्रत्येक जुन्या कलमाशेजारी नव्याचा आकडा लिहून पट्टी लावायची, असा त्यांचा विचार होता. पंधरा दिवस ते रोज संध्याकाळी बसले. कुठे दोन कलमांचं एक झालेलं, कुठे एकाचे तुकडे होऊन चार पानांवर पसरलेले, कुठे जुन्याला नव्यात जागाच नाही.

"एकशे वीस कलमांपर्यंत गेलो," ते म्हणाले. "मंग पुस्तक मिटेचना. पट्ट्यांनी फुगून गेलं. केशर म्हणे, त्याच्यावर पाटा ठेवा."

"मग?"

"मंग काय. ताईनं नवं पुस्तक आणलं." त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. "पोरगी बरोबर सांगून राहिली होती. नव्या पुस्तकाची पट्टी होत नाई. मले हे माईत होतं. फोनाच्या बाबतीत लक्षात नाई आलं, एवढंच."

"म्हणजे नवीन फोन घेणार?"

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "एम.ए.बाई, त्या तारीखवहीतून चोवीसच्या जुलैच्या आधीचे गुन्हे जेवढे हायत, तेवढ्याच खटल्यांची यादी काढता येते का?"

"येते."

"सोमवारी काढून द्या. कागदावर."

सोमवारी मी यादी काढून दिली. एकशे त्रेचाळीस खटले. महिना संपायला चार दिवस होते. ते चार दिवस मोतीरामजी कोर्टातून आले की खाली मान घालून लिहीत बसत. काय लिहिताय विचारलं तर "काम" म्हणत. ताईंनी एकदोनदा दारातून पाहिलं. बुधवारी त्यांनी मला हळूच विचारलं, "काका माझ्यावर रागावले का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

एक तारखेला तारीखवही त्यांच्या फोनवर उघडली नाही. त्यांनी एकदाच बोट लावून पाहिलं, मग बगलेत एक जाड वही घेऊन ताईंच्या खोलीत गेले. मला म्हणाले, "तुमी बी या. यादी तुमची हाय."

वहीत प्रत्येक पानावर एक खटला. अशिलाचं नाव, गाव, गावाहून यायला लागणारा वेळ, फोन नंबर, स्वतःचा नसेल तर शेजाऱ्याचा, पुढची तारीख आणि तिच्यापुढे रिकाम्या ओळी. बुधाजीच्या पानावर लिहिलं होतं: जीप सकाळी सहाला, त्यानंतर थेट अकराला.

"ताई, माह्यं एक म्हणणं हाय. ऐकून घ्या, मंग काय सांगायचं ते सांगा." ते उभेच होते. "नवे खटले नव्या कायद्यानं चालतात. ते तारीखवहीत राहू द्या. तुमी पाहा, ह्या बाई पाहतीन. मी त्याच्यात हात घालत नाई. मले ते जमत नाई, असं लिहून घ्या पायजे तं."

"काका, असं काही..."

"पण जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्यानं चालतात. नवा कायदा आला म्हणून ते मिटले नाईत. सरकारनं तसं लिहून ठेवलं हाय. जवरोक ते खटले हायत, तवरोक जुनं पुस्तक कपाटात ठेवाव लागते." त्यांनी वही टेबलावर ठेवली. "तेवढे एकशे त्रेचाळीस मले द्या."

ताईंनी पानं उलटली. त्या वकील होत्या, लगेच हो म्हणणं त्यांना शोभलं नसतं.

"तारीख बदलली तर तुम्हाला कळणार कशी? बुधाजीचं तसंच झालं."

"बुधाजीचं झालं ते माह्या चुकीनं झालं. फोनात पाहून सांगितलं, कोर्टात जाऊन पाहिलं नाई. आता रोज साडेपाचले कोर्टातून निघताना मी सोता तारखांचा बोर्ड पाहीन, वहीत लिहीन. अन् तारखेच्या आदल्या दिवशी हरेक अशिलाले फोन करीन. बोलायले तं चालते नं हा फोन. कंपनीनं तेवढं बंद नाई केलं."

"आणि यातले खटले संपत गेले की?"

"संपलन त्याचं पान फाडीन."

"शेवटचं पान फाडल्यावर?"

"तवा मंग आराम करीन. तुमी सांगायच्या आधी."

ताई वही पाहत राहिल्या. बुधाजीच्या पानाशी त्या थांबल्या आणि जीपच्या वेळेवरून त्यांनी बोट फिरवलं. ही माहिती तारीखवहीत नव्हती. तिच्यात तशी जागाच नाही.

"एकशे त्रेचाळीस," त्या म्हणाल्या. "आपल्या कोर्टांच्या हिशेबानं दहा-बारा वर्षं सहज जातील, काका."

"मी काय करू त्याले. ते कोर्टानं पाहाव."

ताई हसल्या आणि त्यांनी वही त्यांच्याकडे सरकवली. "ठीक आहे. जुने तुमच्याकडे. पण तारीख बदलली की एम.ए.बाई ती वहीतून अॅपमध्येही टाकतील. तुम्ही त्यांना रोज सांगायचं."

"सांगीन. त्यांनी पोच द्यावी."

मी देईन म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खरं म्हणते की थट्टा करते ते तपासल्यासारखं, आणि वही बगलेत घेतली. घड्याळात पावणेअकरा वाजले होते. दारात चपला घालताना त्यांचा एक पाय नेहमीप्रमाणे चुकीच्या चपलेत गेला, तो त्यांनी काढून घेतला.

"मी पुढं होतो, ताई," ते म्हणाले. "चौथ्या कोर्टात साहेब आजकाल टायमावर बसतात."